लहान मुलाचा ल्युकेमिया: हॉस्पिटलात रोजचं कसं निभावायचं?

रानजाई

नात्यातल्या एका घरी परवा निदान झालं. पाच वर्षांची पोर, ए.एल.एल., म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार. तिच्या आईने फोनवर मला एकच विचारलं, "ताई, बरोबर काय काय घेऊ?" तिला सांगता सांगता वाटलं, हे एका जागी लिहून ठेवावं. औषधांचं डॉक्टर सांगतात, आणि नीट सांगतात. पण रात्री कोणी कुठे पाठ टेकायची, डबा कुठून यायचा, थोरलीच्या शाळेचं काय, हे सगळं शेजारच्या खाटेवरची बाई सांगते. ती बाई भेटून बोलती होईपर्यंतचे दिवस फार वाईट जातात. तेवढ्यासाठी हा धागा. ज्यांनी हे काढलंय त्यांनी भर घाला.

आम्ही लातूरकडचे. धाकटा तेव्हा पहिलीत. बारीक ताप उतरत नव्हता, पाय दुखतात म्हणून रात्री रडत उठायचा, नडगीवर न पडता-धडपडता काळेनिळे डाग. सी.बी.सी., म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, बघून डॉक्टरांनी तिथल्या तिथे मुंबईची चिठ्ठी लिहिली. आज तो मेंटेनन्सवर आहे. म्हणजे घरी आहे, रात्री गोळी घेतो, शाळेत जातो आणि बहिणीशी भांडतो.

पहिला महिना इंडक्शनचा, म्हणजे केमोच्या पहिल्या टप्प्याचा, सगळ्यात अवघड तोच. वॉर्डातला दिवस पहाटे रक्त घ्यायला येतात तिथून सुरू होतो. मग अंग पुसणं, गुळण्या, गोळ्या. सकाळी उशिरा रिपोर्ट आले की सगळ्या आया एकमेकींना एकच विचारतात, "काउंट किती?" काउंट म्हणजे ए.एन.सी., जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. पाचशेच्या खाली गेला की त्या खाटेजवळ सगळेच जरा जपून वागतात. माझ्या शेजारी बीडची एक आजी होती. कागदावर अंगठा लावायची, पण नातवाचा ए.एन.सी., हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट तिन्ही आकडे तारखेसकट तोंडपाठ. डॉक्टरांनी फाईल उघडायच्या आत आजीचा आकडा सांगून झालेला असायचा.

आणि ती भूक. स्टेरॉइड सुरू झालं की आठवड्या-दोन आठवड्यांत आपलं पोर आपल्यालाच ओळखू येत नाही. गाल फुगतात, पोट सुटतं, कशावरूनही रडारड. जेवून हात धुवायच्या आत पुढच्या जेवणाची चौकशी. आमच्याला रात्री अडीचला पिठलं लागायचं. दुसरं काही चालायचं नाही. वॉर्डात शेगडी नाही, किटली लावू देत नाहीत. मग मी डाळीचं पीठ घरूनच खमंग भाजून आणलं, त्यात मीठ, तिखट, जिरेपूड कालवून स्टीलच्या डब्यात भरून ठेवलं. थर्मासमधलं उकळीचं पाणी ओतायचं, चमच्याने गुठळ्या मोडायच्या, पाच मिनिटं झाकण. वास सुटला की समोरच्या खाटेवरचा बिहारचा मुलगा उठून बसायचा. त्याच्या आईला पीठ कसं भाजायचं ते मी खुणांनी शिकवलं, माझं हिंदी तेव्हा यथातथाच.

बरोबर काय न्यायचं ते सांगते. पुढून बटणं असलेले सुती शर्ट, म्हणजे लाइन (औषधासाठी शिरेत ठेवलेली नळी) असली तरी घालता-काढता येतात. दोन थर्मास. स्वतःचा थर्मामीटर. नखं कापायचं यंत्र. एक साधी वही, रोजचे काउंट आणि औषधं लिहायला. लांब वायरचा चार्जर, कारण प्लग खाटेपासून नेहमी लांब असतो. खेळणी धुता येतील अशीच, कापूस भरलेलं अस्वल घरी ठेवा. आणि आईसाठी पायमोजे आणि जाड चादर. एसीत खुर्चीवर झोपून माझी कंबर गेली ती गेलीच.

थोरलीला मामाकडे ठेवलं होतं. ती समजूतदार निघाली असं सगळे कौतुकाने सांगतात. मला त्याचंच वाईट वाटतं. दहा वर्षांच्या पोरीने आईकडे काही मागणंच बंद केलं.

कोकमकढी

वाचतेय. लिहीत राहा ताई. धाकट्याला खूप आशीर्वाद.

परळकर_जुना

राहायचं कुठे यावर लिहितो, कारण बाहेरगावचा माणूस इथेच आधी कोलमडतो. टाटा हॉस्पिटल परळला १९४१ पासून आहे, तेव्हापासून या भागातल्या लोकांना हातात फाईल घेऊन पत्ता विचारणारी माणसं नवीन नाहीत. फुटपाथवर राहणारी कुटुंबं आजही दिसतात. पण त्याआधी चौकशी करा. परळलाच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे, दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. लहान मुलांसाठी सेंट ज्यूड्सची केंद्रं आहेत, २००६ पासून. कुटुंबाला जागा, स्वयंपाकाची सोय, मुलांना शिकवायला माणसं, आणि सगळं मोफत. तिथे थेट जाऊन जागा मिळत नाही, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातून नाव जावं लागतं. म्हणून दाखल झाल्या दिवशीच मेडिकल सोशल वर्करना भेटा. 'नंतर बघू' म्हणणाऱ्याला जागा उशिराच मिळते.

उपचार खारघरच्या ॲक्ट्रेकला, म्हणजे टाटाच्याच तिथल्या केंद्रात, होणार असतील तर परळला खोली घेऊन बसू नका. हेही होतं.

बापमाणूस

आईबद्दल सगळे लिहितात, बरोबरच आहे. बापाचं थोडं सांगतो. आम्ही अमरावतीचे. वॉर्डात एकालाच राहू देतात, आणि पोरगी आईला सोडत नव्हती. म्हणजे मी बाहेर. बाहेरच्या माणसाचा दिवस म्हणजे रांग. औषधाची, बिलाची, ब्लड बँकेची, सही-शिक्क्याची. एका खिडकीवर सांगतात झेरॉक्स आणा, झेरॉक्स आणेस्तोवर जेवणाची सुट्टी होते.

आमचं नवराबायकोचं बोलणं डब्यातून चालायचं. मी डबा गेटवर द्यायचो, रिकामा डबा परत यायचा त्यात चिठ्ठी. "प्लेटलेट १२. माणूस बघा." बस, एवढंच. बारा म्हणजे बारा हजार, आणि माणूस म्हणजे दाता. फोन असून चिठ्ठी कशाला, तर पोरीसमोर बोलता येत नव्हतं.

प्लेटलेटचं समजून घ्या. दात्याच्या रक्तातून मशीनने नुसत्या प्लेटलेट काढतात, त्याला एस.डी.पी. म्हणतात. तास-दीड तास लागतो. काढलेल्या प्लेटलेट पाचेक दिवसच टिकतात, त्यामुळे साठवून ठेवू म्हटलं तर होत नाही. गरज पडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा पाच-सहा जणांचे नंबर आणि रक्तगट आधीच लिहून ठेवा. सख्ख्या नातेवाइकाचं रक्त द्यायचं असेल तर ब्लड बँकेला नातं सांगा, ते किरणोत्सर्गाची प्रक्रिया करूनच देतात. आम्हाला लालबागच्या एका मंडळाच्या पोरांनी तारलं. ओळख ना पाळख. एक जण तर रात्रपाळी करून आला होता. त्याला चहा पाजला, तर चहाचे पैसे त्यानंच दिले. असे लोक आहेत बाप्पा.

पैशाचं. महात्मा फुले जनआरोग्य योजना, लोक अजून जीवनदायीच म्हणतात. २०२३ साली ती सगळ्या रेशनकार्डधारकांना खुली करायचं आणि मर्यादा दीड लाखावरून पाच लाख करायचं ठरलं. आधार आणि रेशन कार्डावर मुलाचं नाव आहे का ते आजच बघा. आमच्या कार्डावर पोरीचं नावच चढवलं नव्हतं, तहसीलच्या चकरा झाल्या. हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात, त्यांना गाठा. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री-एसीत पूर्ण माफी आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के. त्याचा फॉर्म हॉस्पिटलातून सही-शिक्क्याने मिळतो. एसटीतही सवलत आहे.

नोकरी? खासगी होती. गेली. त्यावर इथं लिहून फायदा नाही.

रानजाई

@बापमाणूस, दादा, डब्यातल्या चिठ्ठीचं वाचून थांबले. आमचे हेही बाहेरच असायचे. ते कुठे झोपत होते हे मला कितीतरी दिवसांनी कळलं, कारण मी एवढंच विचारायचे, "झोप झाली ना?" आणि ते "हो" म्हणायचे.

मिरजेची_सिस्टर

मुलांच्या वॉर्डात नोकरी केली आहे, म्हणून थोडं कडक लिहिते. राग मानू नका.

ताप. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस. हा आकडा घरातल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे. काउंट कमी असताना एवढा ताप म्हणजे तातडीचं काम. क्रोसिन देऊन सकाळपर्यंत बघू, असं नाही. रात्रीचे दोन वाजले तरी निघायचं आणि गेल्या गेल्या "केमो चालू आहे" हे पहिलं वाक्य बोलायचं, म्हणजे अँटिबायोटिक लवकर सुरू होतं. थर्मामीटर काखेत लावा. गुदद्वारात थर्मामीटर, एनिमा, काही नाही. कमरेत इंजेक्शनही कुणाकडून घेऊ नका, प्लेटलेट कमी असतात. आणि ताप नसला तरी पोर थंडगार पडून मलूल झालं, तरी निघायचंच.

केमोतल्या व्हिन्क्रिस्टिनने शौचाला घट्ट होतं, जबडा दुखतो, कधी पाऊल उचलताना लटकं पडतं. 'लाल औषध' चढलं की लघवी लाल होते, ते रक्त नव्हे. एल-ॲस्पॅरॅजिनेज चालू असताना पोट फार दुखलं, उलट्या झाल्या तर लगेच सांगा, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. मेथोट्रेक्सेटने तोंड येतं, म्हणून गुळण्या चुकवायच्या नाहीत, ब्रश मऊ.

खाणं ताजं, शिजवलेलं, गरम. फळं सालीची: केळं, संत्रं, मोसंबी. द्राक्षं, कोशिंबीर, बाहेरची चटणी नको. पाणी उकळलेलं.

धाकटं भावंड घरी असेल तर त्याला पोलिओचे थेंब द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा, अशा घरात इंजेक्शनची लस देतात. आणि शाळेत, शेजारी कुणाला कांजिण्या निघाल्या आणि पोर त्याच्या जवळ आलं असेल, तर पुरळ यायची वाट न बघता त्याच दिवशी फोन करायचा.

भेटायला येणाऱ्यांना एक विनंती. येऊ नका. फुलं तर आणूच नका.

निसर्गमित्र_आप्पा

(प्रतिसाद काढला आहे. औषधांची जाहिरात या सदरात चालत नाही. - प्रशासक)

सोनकी

आप्पांचं सोडा, पण एक प्रामाणिक शंका. व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीपासून काढतात असं वाचलंय. मग सदाफुलीची पानं घरी दिली तर काय हरकत? आमच्याकडे सगळे हेच सांगताहेत. शिवाय पपईच्या पानांचा रस, गव्हांकुर.

मिरजेची_सिस्टर

विचारलंत ते बरं केलंत. सदाफुलीपासून काढतात हे खरं, पण ढीगभर पानांतून अगदी किंचित निघतं. ते शुद्ध करून, पोराच्या उंची-वजनावरून मोजून, फक्त शिरेतून देतात. तेच औषध पाठीच्या कण्यात गेलं तर जिवावर बेततं, इतकं ते जहाल आहे. पानांच्या काढ्यात काय किती उतरलं हे कुणीच मोजलेलं नसतं. विष आहे ते. पपईचा रस प्लेटलेटसाठी म्हणून देतात, पण इथे प्लेटलेट का कमी आहेत ते कारणच वेगळं. कच्चा गव्हांकुर म्हणजे माती आणि जंतू थेट पोटात. द्यायचंच वाटत असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. लपवून देऊ नका. लिव्हरचे रिपोर्ट बिघडले की डॉक्टर केमो थांबवतात, आणि कारण सापडत नाही.

सोनकी

पटलं. सासूबाईंना वाचून दाखवते.

अक्कलकोटची_माई

मी जुन्या वळणाची आहे, चुकलं तर सोडून द्या. माझ्या नातवाला झालं तेव्हा आम्ही त्याला नाव सांगितलं नाही. रक्त कमी आहे, एवढंच. सात वर्षांच्या पोराच्या डोक्यावर तो शब्द कशाला? आता तर लोक मुलांना सगळं सांगतात. मला ते बघवत नाही.

रानजाई

माई, तुमचं दुखणं कळतं. पण हॉस्पिटलच्या दारावर तो शब्द मोठ्या अक्षरांत आहे, आणि आमचा नुकताच वाचायला शिकला होता. पाट्या वाचत चालायचा. त्याने लिफ्टमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "आई, मला कॅन्सर आहे?" मी हो म्हटलं. पुढचा प्रश्न होता, "मग मी शाळेत कधी जाणार?" तो शब्द जड आहे आपल्याला. त्याला शाळा जड होती.

अक्कलकोटची_माई

असेल बाई. पण प्रत्येक पोर सारखं नसतं. आमचा भित्रा होता. त्याला सांगितलं असतं तर जेवला नसता.

पंचविशीतला

मध्ये बोलतो. मी स्वतः हे करून बसलोय. पाच वर्षांचा असताना ए.एल.एल., आता नोकरी करतो, वर्षातून एकदा तपासणी. माईंसारखंच आमच्या घरीही मला सांगितलं नव्हतं. मला कळलं होतं. मुलांना कळतं. सगळे दाराबाहेर जाऊन बोलतात आणि आत येताना चेहरा बदलून येतात, त्यावरून कळतं. फक्त मग विचारता येत नाही, कारण विचारलं की आई रडेल.

आणखी एक. मोठ्यांना वाटतं सुईचं दुखतं. मला चिकटपट्टीची जास्त भीती वाटायची. सुई एक क्षण असते. पट्टी ओढताना हातावरची लव निघते, आणि ओढणारा म्हणतो "झालं झालं" तेव्हा काहीच झालेलं नसतं. एक सिस्टर होत्या, त्या साध्या सुईवरची पट्टी ओली करून द्यायच्या आणि म्हणायच्या, "तूच काढ, मला घाई नाही." अर्धा तास लावायचो. त्या खरंच थांबायच्या. पाठीच्या इंजेक्शनच्या वेळी कुठलं गाणं लावायचं तेही मला विचारायच्या. दिवसभरात एवढ्याच गोष्टी माझ्या हातात होत्या. पालकांना सांगणं हेच, की रोज एक-दोन गोष्टी मुलाला ठरवू द्या. कुठला शर्ट, आधी कुठली गोळी. गोळी घ्यायची की नाही, हे विचारू नका, तिथे पर्याय नाही.

कोकमकढी

@पंचविशीतला, हा प्रतिसाद आमच्या हॉस्पिटलात छापून लावते.

बर्मिंगहॅमची_चिमणी

आमचं सगळं इकडे झालं. व्यवस्था चांगली यात वाद नाही. पैसे मोजावे लागले नाहीत, मेंटेनन्समध्ये नर्स घरी येऊन रक्त घेऊन जायची, मुलाला प्रत्येक सुईमागे एक रंगीत मणी मिळायचा, त्याची मोठी माळ झाली. हॉस्पिटलातच शाळेच्या बाई होत्या.

पण आम्हाला स्वतंत्र खोली होती. दार बंद. रानजाईताई लिहितात ती शेजारच्या खाटेवरची बाई मला मिळालीच नाही. आई-बाबा लातूरपेक्षा लांब, विमानाच्या तिकिटाएवढे लांब. रात्री अडीचला माझा लेक वरणभात मागायचा आणि मी पाळण्याच्या मापाच्या त्या सोफ्यावर बसून भारतात सकाळ झाली का बघायचे. बीडच्या आजी वाचून हेवा वाटला, खरं सांगते.

विहिरीवरचा_वड

ट्रान्सप्लांटबद्दल, म्हणजे दुसऱ्याचा बोन मॅरो (हाडातला मगज) देतात त्याबद्दल, कुणीच लिहिलं नाही? आम्हाला ओळखीतले सगळे सांगताहेत की बहिणीचा बोन मॅरो लगेच तपासून ठेवा.

मिरजेची_सिस्टर

ए.एल.एल.च्या बहुतेक मुलांना ट्रान्सप्लांट लागत नाही. इंडक्शनच्या शेवटी बोन मॅरोमध्ये एम.आर.डी. बघतात, म्हणजे सूक्ष्म प्रमाणात किती वाईट पेशी उरल्या. त्यावरून पुढचा जोर ठरतो. आजार उलटला किंवा फारच जोखमीचा प्रकार असला तर तो विषय निघतो, आणि तेव्हा डॉक्टरच काढतात. प्रगत देशांत आता दहातली नऊ मुलं यातून बरी होतात, ती मुख्यतः केमोवर. आपल्याकडे मुलं हातची जातात त्यात जंतुसंसर्गाचा आणि उपचार अर्धवट सोडण्याचा वाटा मोठा आहे. इंडक्शननंतर पोर टुणटुणीत दिसतं, गावाला पेरणी असते, पैसे संपलेले असतात, आणि लोक घरी निघून जातात. अडीच वर्षांचा कोर्स आहे हा. मेंटेनन्सची ६-एम.पी.ची गोळी रोज, ठरल्या वेळी. "आज लग्नाला गेलो म्हणून राहिली" हे चालत नाही.

बापमाणूस

हे मोठ्या अक्षरात लिहा सिस्टर. आमच्या ओळखीचं एक घर असंच परत गेलं. पुढचं लिहीत नाही.

दुधाळ_चहा

नातेवाईक म्हणून वाचतोय. माझ्या मेहुण्याच्या मुलाला आहे. आम्ही काय करावं? फोन केला तर उचलत नाहीत.

रानजाई

फोन करू नका, मेसेज टाका आणि त्यात प्रश्न नको. "कसा आहे?" याचं उत्तर दिवसात पंधरा जणांना द्यावं लागतं, आणि त्यातले निम्मे पुढे विचारतात, "पण झालं कशामुळे? काय खायला द्यायचात?" कशामुळेही नाही. आईने काही केलं नाही म्हणून नाही, मॅगी दिली म्हणून नाही.

तुम्ही पुण्या-मुंबईत असाल तर आठवड्यातला एक वार धरा आणि त्या वारी डबा पोचवा, न विचारता. मोठ्या मुलाला रविवारी तुमच्याकडे न्या, आणि त्याच्यासमोर धाकट्याच्या आजाराचं बोलू नका, क्रिकेट खेळा. रक्त द्या. गावी असाल तर त्यांचं लाइटबिल भरा, घराला कुलूप असेल तर जाऊन खिडक्या उघडून या. आमच्या शेजाऱ्यांनी सगळ्या पावसाळ्यात हे केलं. परत आलो तर घराला कुबट वास नव्हता, मला तेवढ्यानेच रडू आलं.

दुधाळ_चहा

गुरुवार धरला. धन्यवाद.

नवीन_सदस्य_सोलापूर

नमस्कार. उद्या रात्रीच्या गाडीने आम्ही निघतोय. मुलगा चार वर्षांचा, रिपोर्टवर बी-सेल ए.एल.एल. लिहिलंय. घरी सात महिन्यांची मुलगी आहे, अंगावर पिते. तिला बरोबर घेऊ का? मला काही सुचत नाहीये. वरचं सगळं वाचलं पण अर्धं डोक्यात गेलं नाही.

रानजाई

जाणार पण नाही, आत्ता गरजही नाही. एवढंच करा.

सगळे मूळ रिपोर्ट, बोन मॅरोच्या काचा (तपासणीच्या स्लाइड) दिल्या असतील तर त्या, आधार, रेशन कार्ड, प्रत्येकाच्या चार झेरॉक्स, हे एका पिशवीत आणि ती पिशवी मिस्टरांच्याच खांद्यावर. वाटेत मुलाला ताप आला तर पुढच्या मोठ्या स्टेशनला उतरून हॉस्पिटल गाठायचं, मुंबईची वाट बघायची नाही. गाडीतलं काही खायला देऊ नका.

बाळाला वॉर्डात घेऊ देत नाहीत. पण आईला किंवा सासूबाईंना बाळासकट बरोबर आणा आणि धर्मशाळेची सोय होईपर्यंत कुणाकडे तरी ठेवा, म्हणजे दिवसातून दोनदा मिस्टर आत बसतील आणि तुम्ही खाली येऊन पाजू शकाल. आत येताना हात कोपरापर्यंत धुवायचे. सोशल वर्करना पहिल्याच भेटीत सांगा की अंगावर पिणारं बाळ आहे.

माझा नंबर तुम्हाला निरोपात टाकलाय. माझी नणंद परळलाच असते, परवा दुपारचा डबा तीच आणेल. मुलगा तिखट खातो का, एवढं फक्त कळवा.

नवीन_सदस्य_सोलापूर

खातो. शेंगाचटणीशिवाय जेवत नाही.

रानजाई

मग शेंगदाणे ताजे भाजून घरीच कुटायला सांगते. बाजारची नको.